साडेपाच सेंटिमीटर

माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन सोनोग्राफी रिपोर्ट होते. एक तीन वर्षांपूर्वीचा, दुसरा आठवडाभर आधीचा. जुना काढला होता लघवीच्या तक्रारीसाठी, प्रोस्टेट किती वाढलंय ते बघायला. मूत्राशय, दोन्ही मूत्रपिंडं, प्रोस्टेटचं आकारमान, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आणि अगदी तळाशी, सहीच्या वर, एक ओळ: मूत्रपिंडांच्या खाली महाधमनी ३.६ सेंटिमीटर रुंद दिसते. ज्यांनी तपासणी सांगितली होती त्यांचं लक्ष प्रोस्टेटवर. त्याचं औषध दिलं गेलं, गुणही आला. ती ओळ कुणी वाचली नाही, किंवा वाचून सोडून दिली.

नवा रिपोर्ट पोट जड वाटतं, ढेकर येतात म्हणून काढलेला. पित्ताशय ठीक होतं. महाधमनी मात्र ४.७ सेंटिमीटर झाली होती, आणि या वेळच्या रेडिओलॉजिस्टनं ती गोष्ट सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिली होती. म्हणून ते माझ्यापर्यंत पोचले. मी रक्तवाहिन्यांचा सर्जन.

वय ६९. टर्नर म्हणून कामाला लागले, टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. उभं आयुष्य लेथ आणि व्हर्नियरच्या संगतीत गेलेलं. सिगारेट पंचेचाळीस वर्षं, दिवसाला एक पाकीट, आता ‘कमी केली’ म्हणजे सात-आठ. बीपीची गोळी आठवेल तेव्हा. शुगर नाही. वडील ७१ व्या वर्षी पोटात आणि पाठीत कळ येऊन दोन तासांत गेले. नोंद हृदयविकाराची झाली. ती कळ नेमकी कशाची होती हे आता कळायला मार्ग नाही, पण मी ती गोष्ट कागदावर उतरवून घेतली. (ओळख पटू नये म्हणून यातले काही तपशील बदलले आहेत.)

गुडघे दुमडून झोपवलं, बेंबीच्या वर दोन्ही हातांची बोटं मध्यरेषेच्या दोन बाजूंना ठेवली. सडपातळ माणसाच्या पोटात महाधमनीचा ठोका तसाही लागतो, त्यामुळे ठोका लागला एवढ्यावर काही ठरत नाही. बोटं नुसती वर उचलली जातात की एकमेकांपासून लांब ढकलली जातात, हे बघायचं. त्यांच्या पोटावर प्रत्येक ठोक्याला माझे दोन हात बाजूला सरत होते. जाड माणसात यातलं काहीच हाताला लागत नाही, आणि हात रिकामा आला म्हणून अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीचं असं फुगणं, नाही असं म्हणता येत नाही. गुडघ्यांच्या मागच्या खळग्यांतही बोटं घालून पाहिलं, कारण ज्यांच्या पोटातली धमनी फुगते त्यांतल्या काहींची तिथलीही फुगलेली असते, आणि तिथे ती फुटण्यापेक्षा आत गुठळी होऊन पाय जाण्याची भीती मोठी. तिथे काही नव्हतं.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. मग मी चूक केली. बाहेर रांग होती, आणि मी म्हणून गेलो, “काका, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. आत्ता ऑपरेशनची गरज नाही, सहा महिन्यांनी परत मोजू.”

पंधरा दिवसांत ते काकूंना घेऊन परत आले. चालायला जाणं बंद. नातवाला उचलणं बंद. रात्री कुशीवर वळत नव्हते, शिंक आली तर दाबून धरत होते. काकू म्हणाल्या, “हे खोकायलासुद्धा घाबरतात हो, डॉक्टर.” माझ्या एका शब्दानं हे झालं होतं. फुगा म्हटलं की माणसाला डोळ्यांसमोर टाचणी दिसते. प्रत्यक्षात ४.७ सेंटिमीटरच्या महाधमनीला शिंकेनं काही होत नाही. त्या आकाराला वर्षभरात फुटण्याचा धोका साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तेव्हापासून मी हा शब्द पेशंटसमोर टाळतो. ‘भिंत सैल होऊन वाहिनी रुंद झाली आहे’ असं म्हणतो. लांबलचक आहे, पण त्यात टाचणी नाही.

त्यांना मात्र हे वाक्यही पुरलं नाही. “पाइप जुना झाला की आतून गंजतो, खपतो. याला काय झालं ते सांगा.” कारागीर माणूस, कारण कळल्याशिवाय समाधान होणार नव्हतं. मग कागद घेऊन बसलो.

महाधमनी हृदयातून निघते, छातीत कमान घेऊन पाठीच्या कण्यापुढून खाली उतरते, आणि बेंबीच्या जरा खाली दोन पायांसाठी दोन फांद्यांत फुटते. मूत्रपिंडांच्या खाली तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर. तीन किंवा त्याहून जास्त झाली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणायचं. भिंतीचे तीन थर असतात आणि मधल्या थरात दोन प्रकारचे धागे: इलास्टिन, जे रबरासारखं ताणून परत येतं, आणि कोलॅजन, जे दोरासारखं घट्ट धरून ठेवतं. इलास्टिनची गोम अशी की शरीर ते जन्माआधी आणि बालपणात तयार करतं. नंतर जे तुटेल ते तसं परत विणलं जात नाही. म्हणजे सत्तरीतला माणूस लहानपणीचंच रबर वापरत असतो. त्यातही मूत्रपिंडांच्या खालच्या भागात इलास्टिनचे पापुद्रे मुळातच कमी, भिंतीला पोसणाऱ्या बारीक वाहिन्याही विरळ, आणि पुढे दोन फांद्या असल्यामुळे रक्ताची लाट आदळून परत येते ती इथेच. पोटातले बहुतेक अ‍ॅन्युरिझम नेमके याच पट्ट्यात का होतात, याचं उत्तर बरंचसं यात आहे.

त्यावर सिगारेट. धुरातल्या द्रव्यांमुळे भिंतीत दाह सुरू होतो, पांढऱ्या पेशी आत शिरतात आणि इलास्टिन व कोलॅजन कुरतडणारी विकरं सोडतात. पोटातल्या महाधमनीच्या अ‍ॅन्युरिझमइतकं धूम्रपानाशी घट्ट बांधलेलं आजारपण फुप्फुसाच्या काही रोगांखेरीज क्वचितच सापडेल. या पेशंटांतले दहातले नऊ कधी ना कधी ओढणारे असतात. बाकीची यादी अशी: पुरुष असणं, पासष्टीच्या पुढचं वय, सख्ख्या नात्यात कुणाला असणं, वाढलेलं बीपी, इतर धमन्यांमध्ये चरबीचे थर. मधुमेह या यादीत नाही, उलट मधुमेह असणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो आणि हळू वाढतो. मधुमेहाच्या खात्यावर जमा करता येईल अशी मला माहीत असलेली ही एकच गोष्ट. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचा यात वाटा असावा, असा संशय आहे आणि त्यावर अभ्यास चालू आहेत.

हेच पेशंट पस्तिशीचे असते आणि महाधमनी छातीत, हृदयाला लागून रुंद झाली असती, तर माझे प्रश्न वेगळे असते. उंची किती, बोटं लांबसडक आहेत का, डोळ्यातलं भिंग सरकलंय का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. मार्फान, लॉइस-डाएट्झ, रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅन्लॉस हे जनुकीय आजार, जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्यांची महाधमनी झडप, टाकायासू हा धमनीदाह, क्वचित जंतुसंसर्ग, आणि एके काळी बऱ्याचदा उपदंश. तिथे भिंत फुटण्याआधी तिचे थर एकमेकांपासून फाटत जाण्याचा धोका मोठा. तो निराळा विषय आहे, इथे एवढंच.

मी भिंतीवरच्या ताणाकडे वळलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. “बॉयलरचं गणित आहे हे. दाब तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर पत्रा दुप्पट जाड लागतो.” अगदी तेच. इथे व्यास वाढतो आणि पत्रा जाड होण्याऐवजी पातळ होत जातो. म्हणून रुंदावलेली धमनी आणखी रुंदावते, आणि जितकी मोठी तितकी भरभर. “मग पत्रा बदलायचा कधी?”

या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात आहे आणि तो आकडा असाच कुणाच्या मनात आलेला नाही. पुरुषांत ५.५ सेंटिमीटर. चार ते साडेपाचच्या मधल्या पेशंटांना लगेच ऑपरेशन करावं की नुसतं मोजत राहावं, यावर दोन मोठे अभ्यास झाले. ब्रिटनमधला १,०९० जणांचा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतला १,१३६ जणांचा, २००२ सालचा. दोन्हींचा निष्कर्ष एकच: आधी ऑपरेशन केल्यानं माणसं जास्त जगली नाहीत. मोजत राहणाऱ्यांतल्या पुष्कळांना पुढे ऑपरेशन लागलं, पण थांबण्यानं त्यांचं नुकसान झालं नाही. स्त्रियांची धमनी मुळात बारीक आणि त्याच आकाराला फुटण्याचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांच्यासाठी आकडा ५.० धरतात. याशिवाय वर्षात एक सेंटिमीटरहून जास्त वाढ झाली, किंवा त्या जागी दुखायला लागलं, तर आकडा बाजूला ठेवायचा.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. बीपी ताब्यात आणलं, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन सुरू केलं. यातलं कुठलंच औषध अ‍ॅन्युरिझम आवळत नाही हे त्यांना स्पष्ट सांगितलं. ही औषधं हृदय आणि मेंदूसाठी, कारण असे बरेच पेशंट अ‍ॅन्युरिझमनं नव्हे तर हृदयविकारानं जातात. वाढीचा वेग कमी करील अशी गोळी शोधण्याचे प्रयत्न झाले. प्रोप्रानोलॉल झालं, डॉक्सिसायक्लिन झालं. डॉक्सिसायक्लिनच्या २०२० साली आलेल्या मोठ्या चाचणीतही काही हाती लागलं नाही. वेगावर पेशंटचा स्वतःचा हात पोचतो अशी एकच कळ, सिगारेट. तिसऱ्या प्रयत्नात सुटली. पहिले दोन प्रयत्न काकूंच्या आग्रहाखातर होते. तिसरा, मी त्यांना वाढीचा आलेख काढून दाखवल्यानंतरचा. चालणं पुन्हा सुरू झालं. श्वास रोखून जड ओझं उचलायचं नाही, बाकी नातू चालेल, असं ठरलं.

आलेख त्यांनी स्वतःकडे घेतला. चौकड्यांची वही, उभ्या अक्षावर मिलिमीटर. साडेचारच्या पुढच्या पेशंटला कुणी तीन महिन्यांनी बोलावतं, कुणी सहा, कुणी वर्षानं. मी सहा महिने सांगितले. पहिल्या खेपेला ४.९, मग ५.०.

तिसऱ्या खेपेला ते मुलीकडे गेले होते, तिथल्याच केंद्रात सोनोग्राफी केली. ४.७. घरात आनंद. मुलीनं मला फोनवर सांगितलं, “बाबांचा अ‍ॅन्युरिझम कमी झाला!” तो कमी होत नसतो. मी तसं सांगायच्या आत मागून त्यांचा आवाज आला, “त्यांना विचार, बाहेरून मोजलंय की आतून?”

हा प्रश्न माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरांनाही सुचत नाही. टर्नरला सुचला, कारण पाइपाचा बाहेरचा व्यास आणि आतला व्यास हे त्याच्या दृष्टीनं दोन वेगळे आकडे. एकाच्या जागी दुसरा घेतला तर माल भंगारात. धमनीलाही भिंत आहे. काही ठिकाणी एका बाजूच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात, काही ठिकाणी आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत; ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात आतून मोजतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण त्यांत तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे दीड वर्षाची वाढ नुसत्या पद्धतीत गडप होऊ शकते. त्या केंद्रानं आतून मोजलं होतं. आमच्याकडे परत मोजलं तेव्हा ५.१ आलं. त्यांनी वहीत ४.७ चा ठिपका खोडला नाही, त्याच्याभोवती वर्तुळ करून ‘आतून’ असं लिहिलं.

त्या केंद्राला निदान भिंत तरी दिसली होती. जुन्या पद्धतीच्या अँजिओग्राफीत, जिथे रक्तात रंगद्रव्य सोडून फक्त वाहतं रक्त दिसतं, तिथे मोठा अ‍ॅन्युरिझमसुद्धा साध्या वाहिनीसारखा दिसू शकतो. कारण रुंदावलेल्या भागात कडेकडेनं रक्ताच्या गुठळीचा थर साठतो आणि मधून नेहमीच्या रुंदीची वाट उरते. “पाइपात क्षार धरावा तसं,” ते म्हणाले. तसंच, फक्त हा थर भिंतीला आधार देत नाही.

पुढच्या खेपेला ५.२. त्यानंतर पाचेक महिन्यांनी एका रात्री साडेतीनला त्यांच्या मुलाचा फोन. डाव्या कुशीत असह्य कळ, उलटी, घाम.

अ‍ॅन्युरिझम फुटला की बहुतेक वेळा पोटाच्या मागच्या, डाव्या बाजूला रक्त साठतं. पोटात किंवा पाठीत दुखणं, बीपी पडणं आणि पोटात धडधडणारी गाठ, हे त्रिकूट पुस्तकात एकत्र असतं, पेशंटमध्ये अर्ध्या वेळाही एकत्र सापडत नाही. कळ डाव्या कुशीतून जांघेकडे जाते, हुबेहूब मुतखड्यासारखी, आणि मुतखडा समजून वेदनाशामक देऊन घरी पाठवलेल्या पेशंटांच्या गोष्टी प्रत्येक सर्जनकडे असतात. साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘मुतखड्याची’ कळ आली, तर आधी महाधमनी बघावी. दुखणं उजवीकडे वरही येतं, पित्ताशयासारखं. आइन्स्टाइनचं असंच झालं होतं. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडलं तेव्हा महाधमनीचा मोठा अ‍ॅन्युरिझम सापडला. कापून बदलायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून निसेन यांनी तो सेलोफेननं गुंडाळला. त्या कागदामुळे भोवती चट्टा तयार होऊन भिंत आवळली जाईल हा हिशोब. सहा वर्षांहून जास्त काळ तो टिकला. एप्रिल १९५५ मध्ये फुटला. तोवर ऑपरेशनं होऊ लागली होती, पण आइन्स्टाइननी नकार दिला, आयुष्य कृत्रिमपणे ओढत राहण्यात त्यांना रस नव्हता. १८ एप्रिलला, ७६ व्या वर्षी ते गेले.

आमचे पेशंट पोचले तेव्हा बीपी १६०. पोट मऊ, अ‍ॅन्युरिझमवर दाबल्यावर दुखत नव्हतं. हे धीर देणारं होतं, पुरावा नव्हता. सरळ सीटी अँजिओला नेलं. फुटला असता तर ज्या घाईनं हालचाल करावी लागते तिची तयारी बाजूला चालू होती: रक्त मागवणं, भूलतज्ज्ञांना उठवणं, आणि बीपी मुद्दाम फार वर न चढवणं, कारण जोर वाढला की लागलेली गुठळी उडते. फुटलेल्यांपैकी बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. सगळे धरले तर दहातले आठ दगावतात. सीटीत महाधमनीभोवती रक्ताचा मागमूस नव्हता. डाव्या मूत्रवाहिनीत, मूत्राशयाच्या तोंडाशी, पाच मिलिमीटरचा खडा होता. खरोखरचा मुतखडा. आमच्यापैकी एकजण इतक्या मोठ्यानं हसला की टेबलावरून काकांनी विचारलं, काय झालं.

त्या रात्रीचे दोन उपप्रसंग सांगितलेच पाहिजेत. एक, लघवीतल्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिलं गेलं होतं. मी ते बदलायला सांगितलं. या गटातल्या प्रतिजैविकांमुळे महाधमनी फाटण्या-फुटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. त्या संबंधाच्या बळकटीबद्दल वाद आहे, पण दुसरं औषध हाताशी असताना तो वाद पेशंटच्या पोटात कशाला घालायचा?

दुसरा, सीटीचा रिपोर्ट. ५.७ सेंटिमीटर. पाच महिन्यांत पाच मिलिमीटर! मुलानं विचारलं, आत्ताच ऑपरेशन करायचं का. सीटीचा आकडा सोनोग्राफीपेक्षा थोडा मोठा येतो हे खरं, पण इतका नाही. चित्रं पडद्यावर उघडली. महाधमनी त्या भागात डावीकडे वळून तिरकी झाली होती, आणि रिपोर्टमधलं मोजमाप शरीराच्या आडव्या कापावर घेतलेलं. पाइप तिरका कापला तर तोंड लांबट दिसतं. संगणकावर वाहिनीची मध्यरेषा काढून तिला काटकोनात काप घेतला, तर ५.३. सकाळी त्यांना दोन्ही चित्रं दाखवली. बराच वेळ बघून ते म्हणाले, “आमच्याकडे असं मोजणाऱ्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.” रिपोर्ट लिहिणाऱ्याची बाजूही मी मांडली: पहाटे चार वाजता त्याला विचारलेला प्रश्न ‘फुटलाय का’ हा होता, ‘किती आहे’ हा नव्हता, आणि पहिल्याचं उत्तर त्यानं दहा मिनिटांत अचूक दिलं. त्यांना हे फारसं पटलेलं दिसलं नाही.

खडा आपोआप पडला. आणखी सहा महिन्यांनी सोनोग्राफीत ५.४, आणि त्यानंतरच्या सीटीत, काटकोनातच, ५.६. रेषा ओलांडली होती. या आकाराला धोका नेमका किती? २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात, ऑपरेशन न झालेल्या पेशंटांत ५.५ ते ५.९ ला वर्षभरात साधारण नऊ टक्के, सातच्या वर तीसहून जास्त. नंतरच्या अभ्यासांत हे आकडे बरेच कमी आले आहेत. कमीत कमी धरले तरी आता पारडं ऑपरेशनकडे झुकत होतं.

दोन वाटा. पहिली, पोट उघडून, महाधमनीला वरखाली चिमटे लावून, तो भाग उघडून पॉलिएस्टरची नळी शिवायची. १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबो यांनी मृत दात्याची धमनी वापरून हे पहिल्यांदा केलं, आणि पुढे कापडी नळ्या आल्या. मोठं ऑपरेशन, सावरायला दोन-तीन महिने, पण एकदा झालं की बहुधा विषय संपतो. दुसरी वाट जांघेतल्या धमनीतून: घडी घातलेला स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या सांगाड्याची कापडी नळी, वर सरकवून अ‍ॅन्युरिझमच्या आत उघडायचा, म्हणजे रक्त नव्या नळीतून जातं आणि जुन्या भिंतीवरचा दाब उतरतो. युक्रेनमधल्या खार्किवला निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत, आणि ब्वेनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या महाधमनीत ही वाट दाखवली. ब्रिटनमधल्या तुलनात्मक चाचणीत तीस दिवसांतले मृत्यू उघड्या ऑपरेशननंतर ४.७ टक्के, या पद्धतीनंतर १.७. पण हा फायदा काही वर्षांत विरतो. आठेक वर्षांनंतर तर उघडं ऑपरेशन झालेलेच पुढे निघतात, कारण स्टेंट ग्राफ्ट सरकतो, गळतो, आणि लक्ष ठेवलं नाही तर जुनी भिंत फुटू शकते.

साठीतल्या धडधाकट माणसाला मी पोट उघडायचा सल्ला देतो. काहींना हे जुनाट वाटतं. यांची फुप्फुसं मात्र सिगारेटनं निम्म्यावर आणली होती. भूलतज्ज्ञांनी फुप्फुसाची तपासणी बघून मान हलवली. निर्णय जवळजवळ तिथेच झाला, उरला प्रश्न रचना बसते का हा. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली आणि अ‍ॅन्युरिझमच्या वर निरोगी धमनीचा जो तुकडा उरतो त्याला आम्ही मान म्हणतो. ग्राफ्ट त्या मानेत घट्ट बसतो. मान फार आखूड, रुंद किंवा वाकडी असेल तर बसत नाही. यांची मान २१ मिलिमीटर लांब, २२ रुंद.

“मग बावीसचाच लावणार?” त्यांनी विचारलं.

“नाही. सव्वीसचा.”

ते खूश झाले. भोकापेक्षा शाफ्ट किंचित मोठा ठेवून दाबून बसवायचा, म्हणजे तो आपल्याच जोरानं धरून राहतो, ही त्यांची रोजची गोष्ट. ग्राफ्टही मानेपेक्षा दहा ते वीस टक्के मोठा घेतात. त्याचा नायटिनॉल या मिश्रधातूचा सांगाडा शरीराच्या तापमानाला आपला मूळ आकार घेतो आणि भिंतीवर दाबून बसतो. काहींना वर भिंतीत रुतणारे हुकही असतात. “आणि धमनी पुढे रुंदावत गेली तर फिट सैल पडेल,” ते म्हणाले. मी हो म्हटलं. उशिरा होणाऱ्या गळतीचं हे मोठं कारण आहे, आणि मी ते अजून सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन अडीच तास चाललं. दोन्ही जांघांत टोचून, सहा-सात मिलिमीटर जाडीची नळी, वर मुख्य भाग. तो पँटसारखा असतो: एक पाय लांब, दुसरा आखूड. आखूड पायाच्या तोंडात दुसऱ्या जांघेतून तार घालायची आणि त्यावरून उरलेला पाय जोडायचा. ही तार घालणं म्हणजे अंधाऱ्या, रुंद खोलीत खालून काठी सरकवत दाराचं भोक शोधणं. कधी दोन मिनिटं लागतात. आम्हाला पंचवीस लागली. शेवटच्या चित्रात मूत्रपिंडांच्या दोन्ही धमन्या छान भरत होत्या, वरची फिट घट्ट होती, पण पाठीकडच्या एका बारीक फांदीतून रक्त उलटं येऊन अ‍ॅन्युरिझमच्या पोकळीत झिरपत होतं. वरच्या किंवा खालच्या सांध्यातून किंवा दोन तुकड्यांच्या जोडातून गळती असेल तर टेबलावरच दुरुस्त करायची, कारण तिथे धमनीचा पूर्ण दाब पोचतो. ही फांदीतली गळती पुष्कळदा आपोआप गोठते. सोडून दिली.

चौथ्या दिवशी घरी गेले. गळती सोडून दिली हे त्यांना आवडलं नव्हतं. महिन्यानंतरच्या सीटीत ती अजून दिसत होती तेव्हा तर मुळीच नाही. पण आकार वाढलेला नव्हता, ५.६ च. वर्षानं गळती दिसेनाशी झाली आणि आकार ५.२ वर आला. या वेळी तो खरंच कमी झाला होता. दर वर्षी तपासणी, आयुष्यभर. वही चालूच आहे, फक्त रेषा आता खाली येते आहे.

पहिल्या भेटीपासून मी भावंडांची सोनोग्राफी करा म्हणून सांगत होतो. बहीण लगेच करून आली, ठीक होती. धाकटा भाऊ, वय ६५, ‘मला काही होत नाहीये’ म्हणून चारेक वर्षं टाळत राहिला. काही देशांत या वयाच्या पुरुषांना, किंवा कधीतरी सिगारेट ओढलेल्यांना, एकदा तरी ही तपासणी सांगितली जाते. दहा मिनिटं लागतात, सुई नाही, किरणं नाहीत. थोरल्याच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी तोही आला, बहुधा आणलाच गेला. ३.३ सेंटिमीटर, बाहेरून.

बाहेर येऊन थोरल्यानं वही काढली, वर्षाला अडीच मिलिमीटर धरून भावासाठी रेषा आखली. साडेपाचला पोचायला नऊ वर्षं. मी म्हटलं, रेषा सरळ जात नाही, पुढे चढ वाढतो, आणि सिगारेट चालू असेल तर आधीपासूनच. धाकट्यानं वहीकडे पाहिलं, मग शर्टाच्या खिशाकडे, आणि विचारलं की सोडली तर किती वर्षं. थोरला दुसरी रेषा आखायला लागला होता. मी भावाच्या फाइलवर पुढची तारीख घातली, एक वर्षानंतरची.